रघुजीचा दोरा

धारला आमच्या घरात माप टेपेने घेत नसत. घरातल्या प्रत्येकाचा स्वतःचा सुती दोरा असे आणि त्यावर गाठी: खांदा, कोपर, मनगट, छाती, उंची. ओसरीच्या भिंतीत खुंट्या होत्या, ज्याचा दोरा त्याच्या खुंटीवर. मी देवासहून लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझा दोरा घेतला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण दोरा बोटांतून ओढला की तो कोणाचा हे मी डोळे मिटून सांगत असे. माणूस गेलं की त्याचा दोरा त्याच्या मुठीत देऊन चितेवर ठेवायचा, ही आम्हा शिंप्यांच्या या घराची रीत. माप मागे ठेवू नये, एवढंच अक्का म्हणत. का, ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

१९११ च्या दसऱ्याआधी दवंडी पिटली गेली. दक्षिणेतून फौजेबरोबर जी घराणी माळव्यात आली, त्यांनी सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत पूर्वजांच्या पोशाखात चालावं. सरदार-शिलेदार दरसाल चालत. यंदा घोड्यांच्या मागे शिंप्यांनाही जागा होती.

सासरे तात्या दवंडी ऐकून उभेच राहिले. "पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांना सजवलं," ते म्हणाले. "आता आपल्याला शिवायचं."

त्या दिवसापासून घरात लग्नघर अवतरलं. तात्यांनी शिलाईच्या यंत्रावर चादर टाकली, कारण पूर्वजांचा टाका हाताचा. कुक्षीच्या बाजारातून आल नावाच्या मुळीच्या रंगात बुडवलेलं लाल कापड आलं. त्याचा कडवट वास भाकरीला लागला तरी कोणी कुरकुर केली नाही. भाताच्या पातेल्यातही चिंधी निघाली. हे, म्हणजे माझे यजमान माधव, पगडीचा पीळ जमेना म्हणून दिवसभर डोक्याला लुगडं गुंडाळून बसत.

"तुमचं बरं," अक्का म्हणाल्या. "आम्हा बायकांचं लुगडं तेव्हाही हेच होतं, आताही हेच. आम्ही मिरवायचं काय?"

"तुम्ही आम्हाला बघून हसायचं, आई," रघुजी म्हणाला.

रघुजी माझा धाकटा दीर. मी त्याला भावोजी म्हणे, पण होता माझ्याच वयाचा. शिंप्याच्या घरात जन्मून सुईत दोरा ओवता येत नसे. बंद बांधायला घेतले की एक हुकायचाच आणि शेवटी एक लोंबत राहायचा. पण मनावर गावच्या कापसाच्या शेटजीची नक्कल अशी करी की मी पदर तोंडात कोंबून आत पळे. परक्या घरात मला हसवणारं तेवढं एकच माणूस होतं.

तात्यांनी पेटीतून जुनं गाठोडं काढलं. त्यात राहुटी शिवायची जाड सुई होती आणि एक काळा पडलेला दोरा. तो संताजींचा. फौजेच्या राहुट्या शिवत माळव्यात आलेले आमचे पहिले पुरुष ते. नर्मदा उतरल्यावर एका संध्याकाळी पुन्हा नदीकडे गेले आणि परतले नाहीत. देह मिळाला नाही, म्हणून दोरा जाळायचा राहिला. आम्ही त्यांच्या भावाचा वंश.

"पहिली बाराबंदी संताजींच्याच मापाची," तात्या म्हणाले. "घालेल रघुजी. घरात उंच तोच."

बाराबंदी म्हणजे छातीशी बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. तिच्या बाह्या मी शिवल्या. पुरुषाचं कापड माझ्या हाती पहिल्यांदाच आलं होतं, आनंदाने टाका तिरका जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून शिवत असे. काळा दोरा इतका जुना, पण गाठी घट्ट होत्या, जणू कालच्या.

रघुजीने ती अंगात घातली तेव्हा बाह्या बोटांच्या पुढे गेल्या.

"वहिनी, हिच्यात आणखी एक जण मावेल," तो म्हणाला आणि रिकाम्या बाह्या हलवत ओसरीभर फिरला. तात्यासुद्धा हसले. आत पट्टी मोडून घालू, असं ठरवून बाराबंदी खुंटीवर टांगली.

सकाळी तिच्या दोन्ही कोपरांच्या आत सुरकुत्या होत्या. हात वाकवून काम केल्यावर पडतात तशा.

"रात्री घालून झोपलास काय रे?" यांनी विचारलं.

"अरे भिया," रघुजी भावाला म्हणाला, "मी तर हातपण नाही लावला. कसम से."

मी तांब्यात निखारे घालून सुरकुत्या मोडल्या. दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा होत्या आणि काखेत ओल होती. हुंगून पाहिलं. घामाचा वास, त्याखाली नदीच्या गाळाचा. धारला तळी आहेत, नदी नाही.

मी कोणाला बोलले नाही. घर इतकं आनंदात होतं.

पट्टी मोडायची म्हणून रघुजीला पुन्हा बाराबंदी घातली, तर बाह्या नखांपर्यंतच आल्या. मी त्याचा स्वतःचा दोरा त्याच्या हाताला लावला. मनगटाची गाठ मनगटाच्या अलीकडे थांबली.

"वाढीचं वय आहे," तात्या म्हणाले. "पट्टी नको. दसऱ्याला बरोबर बसेल."

रघुजी हसला नाही. "वहिनी, हात भरून आलेत," तो हळूच म्हणाला. "जसं कोणी आतून ताणतंय."

"नका घालू ती. मी तात्यांना सांगते."

"आणि तात्यांचं तोंड उतरेल ते? एक दिवसाचा तर सवाल आहे. मग काढून फेकू."

दसऱ्याला नगारे वाजू लागले. हे पगडी सावरत होते, अक्का ओवाळणीचं तबक शोधत होत्या. मी रघुजीचे बंद बांधायला गेले, तर ते बांधलेले होते. बाराच्या बारा, नीट.

बाह्या मनगटावर टेकल्या होत्या.

मिरवणूक मी देवीसागर तळ्याच्या वाटेवर उभी राहून पाहिली. घोड्यांमागे आमची लाल रांग आली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लोक रघुजीकडेच बोट दाखवत होते. तो मान न वळवता चालत होता.

संध्याकाळी तो सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली.

"सुखी राहा, मुली," म्हणाला.

मग तात्यांकडे वळून त्याने विचारलं, "आपला तळ इथून कधी उठायचा?"

सगळे हसले. अजून सोंगातच आहे, म्हणाले.

बाराबंदी त्याने स्वतः उतरवून घडी घातली. निजलेला असताना मी त्याच्या हाताला दोरा लावला. रघुजीचा नव्हे, काळा.

गाठीला गाठ बसली.

त्यानंतर घरात भरभराट झाली. ज्याला सुई ओवता येत नव्हती तो अशा राहुट्या शिवू लागला की संस्थानाबाहेरून माणसं येत. पोरगा मार्गी लागला, तात्या सांगत. शेटजीची नक्कल त्याने पुन्हा केली नाही. बाजारात कोणी हिंदीत बोललं तर तो माझ्याकडे पाही, मी मराठीत सांगावं म्हणून.

एकदा भाकरी थापता थापता अक्का थांबल्या.

"पोर माझंच आहे ना गं?"

मी परातीत पीठ घातलं.

मोठ्या लढाईनंतरच्या तापाच्या साथीत तो गेला. अक्कांनी रघुजीच्या खुंटीकडे हात नेला. मी मध्येच काळा दोरा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तो घेतला आणि मुठीत दिला. पुढे त्या वारेपर्यंत रघुजीच्या खुंटीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

त्याला आता किती वर्षं झाली. हे गेले, त्यांचा दोरा त्यांच्याबरोबर गेला. रघुजीचा खुंटीवर आहे.

यंदा नवरात्रात मी चष्मा लावून त्या दोऱ्यावर एक बाराबंदी शिवली. सून म्हणाली, "सासूबाई, आता बाराबंदी कोण घालणार?" मी म्हटलं, "असू दे." काल ती टांगली.

आज सकाळी कोपरांत सुरकुत्या आहेत. बंद बांधलेले आहेत. एक हुकला आहे आणि शेवटी एक लोंबतो आहे.