गंजलेली भेग

“मॅडम, लोखंड बघायचंय. आत्ताच्या आत्ता. माणूस मेलाय.”

निपाणीहून फौजदार आण्णाप्पांचा फोन आला, तेव्हा शाल्मली याळगी बेळगावात उद्यमबागेतल्या प्रयोगशाळेत होती. ओतीव लोखंड का फुटतं, हे शोधणं तिचं रोजचं काम. दीड तासात ती निपाणीजवळच्या माळावर पोचली.

माळावर डांबराचा खाजगी ट्रॅक होता. महिन्यातून एका रविवारी हौशी लोक आपापल्या गाड्या तिथं वेगात पळवत. काल दुपारी टिळकवाडीचा वकील केयूर याची गाडी सरळ रस्त्याच्या टोकाला वळलीच नाही. दगडी बांधावर आदळली. केयूर जागीच गेला.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कुलपात ठेवली होती. आत शिरले ती आणि आण्णाप्पा, दोघंच. उजव्या पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क, म्हणजे ब्रेक जिला आवळतो ती लोखंडी तबकडी, दुभंगली होती.

“तापून फुटली, असं सगळेच म्हणतात,” आण्णाप्पा म्हणाले.

“ट्रॅकवर तापतातच. पुन्हापुन्हा तापून निवून केसासारख्या चिरा पडतात. चीर कडेला पोचली की डिस्क टाकून द्यायची असते.” शाल्मलीनं तुकडा उजेडात धरला. “आतून बघा. भेगेचा बहुतेक भाग काळा, गंजलेला. फक्त एवढा कोपरा ताजा, राखाडी. फुटली काल, पण तडकली होती केव्हाच.”

मग तिनं डावं चाक उतरवलं. तिथली डिस्क कोरी होती. कडेवर रंगाचे तीन पट्टे. त्यातला हिरवा पांढुरका झालेला.

“ठरावीक उष्णतेला हे रंग बदलतात. डिस्क किती तापली ते कळतं.”

उजव्या डिस्कवर रंगाचा ठिपकाही नव्हता.

“हे आपल्या दोघांतच राहू दे,” ती म्हणाली.

आण्णाप्पांनी कुलूप लावलं. “शनिवारी या वकिलांचा मला फोन आलता. सोमवारी येतो, एक जबाब द्यायचाय, म्हणाले. कशाबद्दल, ते फोनवर सांगेनात. मला वाटलं, त्यांचीच एखादी केस असेल. माझ्या डोक्यावर तर तीन महिन्यांपासून बाळाबाईचं प्रकरण. विडी कामगार बाई. हायवेवर गाडीनं उडवली न् पळाली.”

आज सोमवार होता.

मेकॅनिक भरमाला सकाळीच ठाण्यात आणून बसवलं होतं.

“आक्का, गुरुवारी मीच दोन्ही नव्या डिस्क घातल्या. रंगाचे पट्टे बी मारलो. जुन्या तडकल्यात्या, त्या वकिलांच्याच डिकीत ठिवल्या. लोकांस्नी दाखवायच्या हायत म्हणालते.”

“काल कुठं होतास?”

“खानापुरात. भाचीचं लगीन हुतं.”

“ट्रॅकवरच्या सगळ्या गाड्या तूच बघतोस?”

“व्हय. ट्रॅक सांभाळणाऱ्या सौरवदादांनी तेवढं आपल्या गाडीचा पुढचा बंपर न् हेडलाईट कोल्हापुरात बदलून घेतली. मला बोलले बी न्हाईत.”

“कधी?”

“झाले की तीनेक महिने.”

निशांत हा केयूरचा चुलतभाऊ. एकाच गाडीत दोघं आळीपाळीनं बसायचे. सकाळच्या फेऱ्या त्याच्या होत्या.

“ब्रेक कसे होते?”

“एकदम ठीक. साडेबाराला गाडी उभी केली. रंग किती बदलला ते केयूरला दाखवायला फोटोही काढला.”

त्यानं मोबाईल पुढं केला. उजवं चाक. आऱ्यांमधून तीन पट्टे स्पष्ट दिसत होते. वेळ बारा छत्तीस.

“मग?”

“जेवलो. मी जीपमध्ये पडलो जरा. दोनला केयूर बसला. तिसऱ्याच फेरीत...” त्यानं मोबाईल खिशात घातला.

“झोपलेलं कुणी पाहिलं?”

“नाही,” तो हळूच म्हणाला.

सौरव हा केयूरचा शाळेपासूनचा मित्र. ट्रॅकची व्यवस्था त्याच्याकडे होती. डोळे रडून सुजलेले.

“मॅडम, इथं डिस्क फार टिकत नाहीत. मी सगळ्यांना सांगत असतो. पण केयूरचा त्या भरमावर आंधळा विश्वास. एका बाजूला नवी डिस्क, दुसऱ्या बाजूला जुनी, असं करतं का कुणी?”

“जेवणाच्या वेळी कुठं होतात?”

“तंबूत. वाढायचं बघत होतो.”

शाल्मलीनं मान डोलावली आणि बाहेर येऊन आण्णाप्पांशी दोन मिनिटं बोलली. आण्णाप्पा दोन शिपाई घेऊन माळाकडे गेले. तासाभरानं परतले, तेव्हा त्यांच्या हातात एक गोणपाट होतं.

तिघांना एका खोलीत बसवलं. पंखा कुरकुरत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“केयूरची डिस्क तापून फुटली, हे खरं,” शाल्मली म्हणाली. “पण ती त्या चाकावर असायलाच नको होती. बारा छत्तीसला तिथं नवी डिस्क होती. दोनला जुनी होती. मधल्या वेळात कुणीतरी डिकीतली तडकलेली डिस्क तिथं चढवली.”

“म्हणजे मी न्हवं?” भरमा पुटपुटला.

“तू खानापुरात होतास. निशांतनं हे केलं असतं, तर नव्या डिस्कचा फोटो त्यानं आपण होऊन दाखवला नसता. तोच तर पुरावा आहे.” ती सौरवकडे वळली. “एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला जुनी, असं तुम्ही म्हणालात. दोन्ही चाकांच्या डिस्क मी कुलपाआड तपासल्या. तिथं फौजदारांशिवाय कुणी नव्हतं. भरमा, निशांत, दोघांच्याही मते दोन्ही डिस्क नव्या होत्या. त्यातली एक जुनी होती, हे तुम्हाला कुठून कळलं?”

“अंदाजानं बोललो.”

आण्णाप्पांनी गोणपाट उलगडलं. आत कोरी डिस्क. कडेवर तीन पट्टे.

“ट्रॅकच्या सामानाच्या खोलीत, वाळूच्या पेटीत पुरलेली. त्या कुलपाची चावी तुमच्याकडेच असते नव्हं?”

सौरवनं खुर्ची मागं सरकवली.

“बाळाबाईला तुमच्याच गाडीनं उडवलं, आणि तेव्हा केयूर तुमच्या शेजारी होता,” शाल्मली म्हणाली. “म्हणून बंपर कोल्हापुरात बदलला. आणि आज तो जबाब देणार होता.”

“तीन महिने गप्प होता की!” सौरव एकदम ओरडला. “मग आत्ताच काय झालं त्याला? म्हणाला, झोप लागत नाही. मला लागत होती का?” त्यानं तोंड हातांत झाकलं. “ब्रेक मी बघितलेत म्हणालो असतो, तरी न बघता बसला असता तो. एवढा विश्वास होता माझ्यावर.”

निशांत उठून त्याच्या अंगावर धावला. भरमानं त्याला कमरेला धरून मागं ओढलं.

दिवस कलताना आण्णाप्पा शाल्मलीला घेऊन निपाणीतल्या एका गल्लीत गेले. बाळाबाईची मुलगी मंगल दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. आण्णाप्पांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. ऐकताना तिची बोटं थांबली नाहीत.

“म्हंजे ते वकीलसायेब बी गाडीत हुते.”

“व्हय. पण ते सांगायला येणार होते, बाई.”

“आई दीड तास रस्त्यावर जित्ती पडून हुती, सायेब,” मंगल म्हणाली. “पाणी मागत हुती, असं उचलणारी माणसं म्हणाली.”

आण्णाप्पांनी टोपी काढली. शाल्मली मंगलशेजारी उंबऱ्यावर बसली.