आत माणूस आहे

ही गोष्ट खोटी असती तर मलाच बरं वाटलं असतं.

पण ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे. आणि मावशी म्हणजे थापा मारणाऱ्यांतली नव्हे. दूधवाला किती वाजता आला, तेसुद्धा कॅलेंडरवर मिनिटासकट लिहून ठेवणारी बाई ती.

यात रात्रबित्र काही नाही. पडकं घर नाही, सुनसान रस्ता नाही. वार मंगळवार. वेळ भर दुपारची, तीन वाजून वीस मिनिटं. जागा म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या ऑफिसचा दुसरा मजला. कंट्रोल रूम.

मावशी तिथे एकोणीस वर्षं नोकरीला होती. समोर टेबल, टेबलावर फोन, बाजूला जाडजूड नोंदवही. कुठला व्हॉल्व कधी उघडला, कधी बंद केला, कुठे लाईन फुटली, सगळं तिच्या अक्षरात त्या वहीत.

शहराला पाणी देणारी जी मोठी लाईन होती, ती चाळीस वर्षांची जुनी. तिचे सांधे गळायचे. मग शटडाऊन घ्यायचा. दोन्हीकडचे व्हॉल्व बंद करायचे, लाईन रिकामी करायची आणि मॅनहोलमधून एक वेल्डर आत उतरवायचा. माणूस जेमतेम रांगत जाईल एवढाच तो पाईप. आत काळोख. आतून पत्रा लावून सांधा जोडायचा आणि रांगतच परत यायचं.

हे काम एकच माणूस करायचा. त्याला सगळे 'काडी' म्हणायचे, कारण तो होताच तसा काडीसारखा.

काडीचा स्वतःचा एक नियम होता. खात्याचा नव्हे, त्याचा. आत उतरण्याआधी मॅनहोलवरून मावशीला फोन करायचा.

"ताई, आत जातोय."

आणि वर आला की पुन्हा.

"ताई, बाहेर आलो."

मावशी दोन्ही वेळा वहीत लिहायची. त्याचं म्हणणं, "साहेब लोकांचं काय, ते घड्याळाकडे बघून पाणी सोडतात. तुम्ही वहीकडे बघता."

कधीमधी ऑफिसात आला की त्याच्या बुटांना चिकटलेली वेल्डिंगची काळी खपली फरशीभर सांडायची. मावशी ओरडायची. तो हसत हसत स्वतःच झाडू घ्यायचा.

तर त्या मंगळवारी शटडाऊन दुपारी एकला संपायचा होता. तो लांबला. अर्धं शहर कोरडं. फोनवर फोन. लोक वाट्टेल ते बोलत होते. वरून साहेबांची झाडाझडती सुरू होती. साहेब म्हणजे त्या विभागाचे इंजिनिअर. माणूस हुशार, पण पारा लगेच चढणारा.

तीनच्या सुमारास ते मावशीच्या टेबलापाशी आले.

"झालं का काम?"

"काडीचा बाहेर आल्याचा फोन नाही आला साहेब."

"अहो, आला असेल बाहेर. विसरला असेल फोन करायला."

"तो नाही विसरत."

साहेबांनी सरळ फोन उचलला आणि व्हॉल्वपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं, "सोडा पाणी. सगळे बाहेर आहेत."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

दोन मिनिटांनी मावशीचा फोन वाजला. साइटवरचा मुकादम होता. इतका मोठ्याने ओरडत होता की साहेबांनाही ऐकू गेलं.

"आत माणूस आहे! पाणी सोडू नका! आत माणूस आहे!"

साहेबांनी मावशीच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. कानाला लावला. क्षणभर ऐकलं...

आणि खाली ठेवला.

हाताने फिरवायचा व्हॉल्व तो. सुटलेलं पाणी थांबवायला अर्धा तास लागतो. तरी थांबवता आलं असतं. निदान प्रयत्न तरी.

साहेबांनी नोंदवही मावशीपुढे सरकवली.

"लिहा. तीन वाजून पाच मिनिटं. वेल्डर बाहेर."

"साहेब..."

"तुमच्यासमोर फोन ठेवलाय मी, बाई. तुम्हीही इथेच होतात. लिहा."

मावशीने लिहिलं.

काडी दुसऱ्या दिवशी सापडला, लाईन जिथे संपते त्या टेकडीवरच्या टाकीच्या जाळीपाशी. चौकशी झाली. वहीत लिहिलेलंच होतं की तो तीन वाजून पाच मिनिटांनी बाहेर आला. म्हणजे मग हत्यार विसरलं म्हणून कुणाला न विचारता परत आत गेला असणार. चूक त्याचीच. मुकादमाच्या तोंडाला कुलूप. मावशीच्याही.

काडीची बायको एकदा ऑफिसात आली होती. भांडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं,

"बाई, बाहेर आल्यावर त्यांनी खरंच फोन केला होता तुम्हाला?"

मावशी म्हणाली, "हो."

यानंतर दीड वर्ष काहीच घडलं नाही.

या दीड वर्षात खात्याचा कायापालट झाला. साहेबांना बढती मिळाली. व्हॉल्वना मोटारी बसल्या. आता माणूस पाठवायला नको, कंट्रोल रूमच्या पडद्यावर बोट ठेवलं की तीन किलोमीटरवरचा व्हॉल्व उघडतो, बंद होतो. फोनही नवा आला, येणारा नंबर दाखवणारा. आणि त्या जुन्या मोठ्या लाईनला आतून नवा थर द्यायचं ठरलं.

काम सुरू व्हायला महिना होता. मंगळवार. दुपारी तीन वीसला फोन वाजला.

मावशीने उचलला. पलीकडे बराच वेळ काही नाही... फक्त थेंब पडल्याचा आवाज. लांबवर. घुमणारा.

मग...

"ताई, आत जातोय."

मावशीने फोनकडे पाहिलं. फोनच्या पट्टीवर नंबर नव्हता. कुणीतरी चेष्टा केली असेल, असं तिने स्वतःला बजावलं.

पण तिला मनातून माहीत होतं. तिला ताई म्हणणारा तो एकटाच होता. बाकी सगळ्यांची ती बाई.

पुढच्या मंगळवारी पुन्हा. तीच वेळ. तेच शब्द.

या वेळी पट्टीवर नंबर आला.

साहेबांच्या घरचा.

तासाभराने त्याच नंबरावरून परत फोन. मावशीने घाबरत उचलला. साहेबांची बायको होती, तक्रार नोंदवायला.

"अहो, आमच्याकडे दुपारपासून पाण्याचा थेंब नाही. शेजारी सगळीकडे आहे. आणि पाईपमधून आवाज येतोय... कुणीतरी ठोकल्यासारखा."

"कसा आवाज?"

"तीनदा ठोकतो. थांबतो. परत तीनदा."

प्लंबर गेला. लाईन तपासली, नळ खोलले. कुठेच काही अडकलेलं नाही. तरी पाणी नाही. जाताना त्याने नळातून पडलेला कचरा एका पुडीत बांधून ऑफिसात आणून दिला, कशाचा आहे ते कळेना म्हणून.

मावशीने पुडी उघडली.

काळी, चुरचुरीत खपली. वेल्डिंगची.

साहेबांच्या नव्या घराच्या नळात, जिथे सगळे पाईप प्लास्टिकचे.

तिसऱ्या मंगळवारी तीनच्या आधीच साहेब कंट्रोल रूममध्ये हजर. दाढी वाढलेली. शर्ट कालचाच. इतका टापटिपीचा माणूस, अंगाला घामाचा वास येत होता. घरात आठवडाभर पाणी नव्हतं. लॉजवर जाऊन राहिले, तर त्या खोलीचा नळही कोरडा पडला.

"बाई, कुणाशी बोललात तुम्ही?"

"कुणाशीच नाही साहेब."

"मग कोण करतंय हे?"

 दोघं फोनकडे बघत बसले.

तीन वीस. वाजला.

साहेबांनीच झडप घालून उचलला. ऐकत राहिले... आणि बघता बघता तोंडावरचा रंग उतरत गेला. रिसीव्हर ठेवला, खुर्चीला धरून उभे राहिले. काय ऐकलं ते कधीच सांगितलं नाही. जाताना फक्त म्हणाले, "एकदा ती लाईन नवी झाली ना, की संपेल सगळं."

चौथ्या मंगळवारी शटडाऊन होता.

लाईन रिकामी केली. माणसं आत उतरली, काम करून वर आली. मुकादम तोच होता. त्याने डोकी मोजली. सगळी बाहेर. दुपारी एकला पाणी सोडायचं होतं.

सोडता येईना.

मुकादमाचा वॉकीटॉकीवर निरोप आला, "साहेब, आत कुणीतरी ठोकतंय."

"माणसं मोज."

"तीनदा मोजली. सगळी इथे आहेत. तरी ठोकतंय."

दोन वाजले. अडीच वाजले. फोन खणखणायला लागले. साहेब स्वतः साइटवर गेले. इथून पुढचं सगळं मावशीने वॉकीटॉकीवर ऐकलं.

"कुणी नाही आत! मूर्ख आहात का सगळे?"

"आवाज तुम्हीच ऐका साहेब. मागच्या वेळी मी गप्प बसलो. या वेळी आत माणूस असताना पाणी सोडू देणार नाही."

मागे कुजबुज. दहा-बारा माणसं उभी असणार. साहेबांना ते झोंबलं.

"ठीक आहे. मीच जाऊन दाखवतो. आणि व्हॉल्वची वीज आत्ताच जोडून ठेवा. बाहेर आलो की लगेच पाणी सोडायचं, आणखी उशीर नको."

माणूस आत असताना व्हॉल्वची वीज तोडून ठेवायची असते. तो नियम काडी गेल्यावरच आला होता, आणि त्याखाली सही साहेबांचीच होती.

ते आत उतरले. गुडघे घासल्याचा आवाज. धाप.

"वीस फूट आलोय... कुणी नाही. बघा, कुणी नाही."

पडद्यावर व्हॉल्वपुढे शून्य टक्के, म्हणजे पूर्ण बंद.

"पन्नास फूट. कुणी नाही. ऐकताय ना सगळे?"

टक्. टक्. टक्.

मावशीने तो आवाज स्पष्ट ऐकला. साहेबांचं बोलणं तुटलं.

"कोण आहे?"

गुडघे घासल्याचा आवाज थांबला.

"कोण आहे तिकडे?"

कुणीतरी रांगत होतं. साहेब नव्हे, कारण साहेब थांबले होते. त्यांचा श्वास जवळ ऐकू येत होता आणि तो दुसरा आवाज लांबून, सावकाश, त्यांच्याकडे येत होता.

"बाई..." साहेबांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाई, आत माणूस आहे."

मावशीने पडद्याकडे पाहिलं.

शून्याचा एक झाला होता.

खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिचे हात मांडीवर होते. कशालाही स्पर्श न करता तीन किलोमीटरवरचा व्हॉल्व उघडत होता. एक. दोन. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस.

"पाणी येतंय! बाई, बंद करा! पाणी सोडू नका! बाई! ताई!"

पडद्यावर लाल चौकोन होता. 'बंद'. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

व्हॉल्व सात टक्क्यांवर थांबला आणि परत मिटला.

साहेब वारले होते. मुकादम आणि दोघं जण आत गेले, तेव्हा पाणी पाईपच्या तळाशी हातभरसुद्धा नव्हतं. बसून राहिले असते तरी वाचले असते. पण ते पालथे होते. आणि मॅनहोलकडे नव्हे, उलट्या दिशेला, चारशे फूट आत. पाणी आल्यावर माणूस बाहेर पळेल की आणखी आत जाईल?

मोटारी बसवणाऱ्या कंपनीने सगळी यंत्रणा तपासली. व्हॉल्व उघडण्याचा आदेश कुणीच दिला नव्हता. यंत्रात बिघाडही नव्हता.

मावशीने आठवड्याभरात लेखी कबुली दिली. त्या दिवशीची नोंद खोटी आहे, काडी बाहेर आलाच नव्हता. मुकादमानेही सही केली. चौकशी नव्याने झाली, काडीवरचा ठपका पुसला गेला, मावशीची नोकरी गेली. ती काडीच्या घरी गेली, त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. बायकोने उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

"दीड वर्ष लागलं तुम्हाला," एवढंच म्हणाली, आणि दार लावलं.

मावशी आता आमच्याकडेच राहते. तिला फोन आले नाहीत पुन्हा. नळाला पाणी येतं. खाते-पिते, माझ्या मुलीचा अभ्यास घेते. सगळं सुरळीत आहे म्हणायचं.

पण मागच्या महिन्यात आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं.

"मावशी, तू ते बंदचं बटण दाबलंस ना?"

"दाबलं ना. नाहीतर व्हॉल्व मिटला कसा असता?"

मी सुटकेचा निःश्वास सोडला. मावशी एकेक पान खुडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"जरा उशिरा दाबलं."

"घाबरली होतीस म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती गं बाई... भीती असती तर मी आज शांत झोपले असते.

"नाही," ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.