बिनवासाची बाटली

सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं, म्हणून आम्ही दोघं सोलहून आंदोंगला निघालो होतो. गाडीत मागच्या सीटवर नाशपातीची पेटी होती, सुक्या माशांचं पुडकं होतं आणि माझ्या पर्समध्ये करंगळीएवढी एक बाटली होती. बाटलीचं जून-ह्योकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने मला वाटेतच एखाद्या बसस्टँडवर उतरवून दिलं असतं.

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मांगवन-दोंगच्या बाजाराजवळ माझं छोटंसं दुकान आहे. तिथे मी फेरोमोनची अत्तरं बनवते आणि लोकांना बनवायला शिकवते. शनिवारी जोडपी येतात, एकमेकांच्या मनगटांवर थेंब लावतात, हुंगतात, खिदळतात आणि आपापली बाटली घेऊन घरी जातात. त्याने खरंच माणूस ओढला जातो का, असं विचाराल तर मी फक्त विकते, शपथा घेत नाही. पण मिसळायच्या बाबतीत मी चोख आहे. माझ्याकडच्या मूळ अर्काला नाकाला कळेल असा वास जवळजवळ नसतोच. म्हणून त्यावर पीचचा, कस्तुरीचा, धुतलेल्या चादरीचा असा एखादा वास चढवायचा. त्याला आम्ही वरचा वास म्हणतो. नुसता अर्क अंगाला लावून कोणी बाहेर पडत नाही. शिवाय ओढीचा अर्क वेगळा आणि मायेचा वेगळा, ते दोन्ही एका बाटलीत जात नाहीत.

माझ्या पर्समधल्या बाटलीत ते दोन्ही होते, आणि वर काही नव्हतं.

कारण साधं होतं. वडील गेले तेव्हापासून जून-ह्योक बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होता. भांडण नव्हतं. भांडण असतं तर परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो कामावरून यायचा, जेवायचा, भाडेकरूने मालकिणीला म्हणावं तसं ‘छान झालं होतं’ म्हणायचा आणि पाठ फिरवायचा. मी शेजारी बसले की मध्ये उशी सरकवायचा. वडिलांच्या अंत्यविधीला त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते सगळं आतच कुठेतरी गोठून बसलं होतं, आणि त्याच्यासोबत मीही. मला माझा नवरा परत हवा होता. आंदोंगच्या घरात सोफा नाही. आम्हा दोघांना एक खोली मिळते आणि जमिनीवर एकच गादी. तेवढी संधी मला पुरेशी वाटत होती.

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“आलीस? केस घट्ट बांध. आणि काही फासून आली असशील तर आधी धुऊन ये.”

“काही नाही लावलं, आई.”

“तुझा काय भरवसा? चुसोकच्या सणाला पूजेतला सगळा मासा पीचसारखा लागत होता.”

“मासा नव्हे, पीचच वाढलंय असं वाटलं मला,” जाऊबाई भोपळ्याचे काप तळता तळता म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मीही हसले. पीच तर श्राद्धाच्या पानात चालतच नाही. जेवायला आलेला पितर, म्हणजे त्या दिवसाचा पाहुणा, पळून जातो म्हणतात. लसूण नाही, तिखट नाही, त्या दिवशी सासूबाई हाताला साधं क्रीमसुद्धा लावू देत नाहीत. म्हणून तर बिनवासाची बाटली आणली होती. न्हाणीघरात जाऊन मी कानांमागे, मानेवर, मनगटांवर थेंब लावले. मनगट नाकाशी नेऊन पाहिलं. काहीच नाही. कोणाला कळणार आहे, म्हटलं.

संध्याकाळी पान मांडलं. उदबत्ती लावली. यायचं त्याने यावं म्हणून दार उघडं ठेवलं. मोठ्या भावजींनी दारू ओतली, पुरुषांनी नमस्कार घातले. भातात चमचा उभा रोवताना सासूबाई पुटपुटल्या, “गेलेल्या माणसाला दात नसतात ग. तो जेवतो तो वासच. आपण मागून खातो ते त्याचं उष्टं.”

हे मी लग्न झाल्यापासून दरवर्षी ऐकत आले होते. त्या दिवशी ऐकताना मात्र माझा हात आपोआप मानेकडे गेला.

मग आम्ही सगळे बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. पाहुण्याला निवांत जेवता यावं म्हणून थोडा वेळ असं बाहेर थांबायचं असतं. ओसरीवर पुरुष एका टोकाला, बायका दुसऱ्या टोकाला, आणि सगळ्यांत शेवटी मी. अंगण अंधारत होतं. वारा नव्हता. पर्सिमनच्या झाडावरचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. धुराचा वास, ओल्या मातीचा वास.

माझ्या मानेवरची बट उचलली गेली. उडाली नाही. कोणीतरी बोटाने बाजूला करावी तशी उचलली गेली, आणि तशीच थोडा वेळ वर राहिली.

मी वळून पाहिलं नाही. अंगणातली पिवळसर गावठी कुत्री माझ्याकडे शेपटी हलवत येत होती, ती मध्येच थांबली. तिची नजर माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी होती. मग ती एक एक पाय मागे टाकत गोठ्याच्या भिंतीला जाऊन चिकटली.

रीतीप्रमाणे मोठे भावजी खाकरले. दार उघडलं, आम्ही आत गेलो. पान जसंच्या तसं होतं, ते तसंच असतं. उरलेला विधी आटोपला आणि आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी माशाचा तुकडा तोंडात घातला आणि चघळता चघळता थांबल्या. मग नाशपातीची फोड हुंगली, मग सूप.

“वास तस्साच आहे,” त्या म्हणाल्या. “भरलेला… तस्साच. हे जेवले नाहीत.”

“आई, असं काय…” मोठे भावजी म्हणाले.

“चाळीस वर्षं वाढलंय मी ह्यांना. उष्टं पान मला कळत नाही होय रे? आले आणि… उपाशी गेले माझे.” त्या बाहीने डोळे पुसू लागल्या.

मागच्या ओट्यावर मी भांडी घासत होते तेव्हा जून-ह्योक आला. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून माझ्याजवळ आला. वाकला, कानामागे नाक नेलं आणि तसाच राहिला.

“बाबा,” तो म्हणाला.

“काय?”

“तुझ्या अंगाला बाबांचा वास येतोय. कंबरेला चिकटवायचे ना त्या औषधाच्या पट्ट्या… त्यांचा. आणि सिगारेटचा. शप्पथ.”

आणि तो रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा, हुंदके देऊन. मी साबणाच्या हातांनीच त्याला कवटाळलं. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सोलला आल्यावर मी बाटली मोरीत ओतली. घासून आंघोळ केली, साबण बदलला. वास गेला नाही, म्हणजे त्याला येणारा वास. मला स्वतःला कधीच काही आलं नाही. आणखी एक झालं. दुकानात मी कुठलंही अत्तर मनगटावर लावलं की घडीभरात ते नाहीसं होतं, हुंगायला काही उरतच नाही. आता मी गिऱ्हाइकांच्या मनगटावरच तपासते. पण सोफा रिकामा झाला. रोज जेवण झालं की जून-ह्योक माझ्याजवळ सरकतो, खांद्यावर डोकं टेकतो, दिवसभराचं सांगतो. चारचौघांत माझा हात धरतो. त्याच्या अंगावर मांस चढलं.

वसंतात सासूबाई गुडघा दाखवायला आमच्याकडे आल्या. जून-ह्योक त्यांना घ्यायला स्टेशनवर गेला तेव्हाच त्याने सगळं सांगितलं असणार. आल्या आल्या त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “इकडे ये. मान वाकव.”

त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. त्यांचा चेहरा आधी उजळला. मी आता त्या रडतील म्हणून वाट बघत होते. त्यांनी आणखी एकदा, जरा खोल हुंगलं. मग त्या मागे सरकल्या आणि ओट्याची कड घट्ट धरली.

“सूनबाई… हे ते नाहीत.”

“पट्ट्यांचा वास येतो म्हणे. सिगारेटचा…”

“येतो ना. वरून येतो. त्याच्या खाली…” त्यांनी आवाज आणखी उतरवला. “खाली दुसरं काहीतरी आहे. ते ह्यांचा वास अंगाला लावून बसलंय.”

माझ्या हातातली वाटी मी हळूच खाली ठेवली.

“त्याला सांग,” सासूबाई म्हणाल्या. “आजच सांग.”

“सांगितलं तर तो परत सोफ्यावर जाईल, आई.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती कीव होती, आणि ती माझ्या जिव्हारी लागली. “तुझा नवरा आहे. तूच ठरव,” असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि गुडघा न दाखवताच दुपारच्या गाडीने परत गेल्या. निघताना मला हात लावला नाही.

मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. वर्षभर भिंतीकडे बघून जेवलेल्या बाईलाच ते कळेल. काल संध्याकाळीही दिवा लावून आम्ही सोफ्यावर बसलो होतो. तो माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून डुलक्या घेत होता, चेहरा अगदी शांत. मी त्याचे केस विंचरत होते आणि त्याचा श्वास ऐकत होते. तो लांब, पोटभर श्वास आत ओढतो. श्वास सोडल्याचा आवाज मात्र माझ्या डाव्या कानाशी येतो.