कॅमेऱ्यामागे

दादाच्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टिम काढून दुसरी टाकायची, एवढंच काम होतं. मी पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. असली कामं माझी चहा पिता पिता होतात.

दादा फोटोग्राफर. बाजाररस्त्यावर पहिल्या मजल्यावर स्टुडिओ, आधी बाबांचा, मग त्याचा. काचबिंदूनं त्याच्या नजरेच्या आधी कडा खाल्ल्या, मग मधलं सगळं. शेवटी खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, मग तेही गेलं. पण डोळे पुरते जायच्या आत त्यानं एक काम हट्टानं तडीस नेलं. बाबांच्या आणि स्वतःच्या सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरल्या. कशासाठी, ते सांगितलं नाही. वहिनी मला हळूच म्हणाली, "गाडी सुटायच्या वेळी आपण माणसाच्या पिशवीत काय काय कोंबतो ना, तसं चाललंय यांचं."

त्यानंतर तो बोलायचाच कमी झाला. स्टुडिओत जाऊन बसायचा आणि जेवायला हाक मारली की यायचा.

जुनी सिस्टिम एका मोठ्या कंपनीची होती. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा आवाज तिच्यात होता, पण तिला गप्प बसता येत नव्हतं. अपडेट करा, खातं तपासा, ही नवी सोय पाहा. दादा एखाद्या फोल्डरवर जरा थांबला की मध्येच काहीतरी उगवायचं आणि आवाज तेच वाचत सुटायचा.

"घरात सेल्समन ठेवलाय मी," दादा म्हणायचा. "हाकलला तरी दाराशी उभाच."

मग कंपनीनं कळवलं की नवी आवृत्ती या मशीनवर चालणार नाही आणि जुनीची जबाबदारी यापुढे त्यांची नाही.

"म्हणजे मशीन टाकून द्यायचं?" वहिनीनं विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हटलं. "खुली सिस्टिम टाकू. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली असते. मालक कोणी नाही. आतली ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते."

"मालकच नाही?" दादा म्हणाला. "मग बिघडली तर ओरडायचं कोणावर?"

"माझ्यावर."

"हे बरंय."

रविवारी सकाळी मी ती चढवली. फोटो आधीच वेगळ्या डिस्कवर काढून ठेवले होते, ते परत आणले. इंटरनेटची तार मुद्दाम जोडली नाही. दादाला त्याची गरज नव्हती. नवा आवाज मराठी बोलत होता, पण सपाट आणि थोडा नाकात. हजेरी घेतल्यासारखा एकेक शब्द सुटा. दादानं पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव ठेवलं, मास्तर.

मास्तर फोटोच्या बाबतीत अगदीच ठोंब निघाले. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. दादा खालचा बाण दाबायचा आणि ते आकडा वाचून म्हणायचे, "चित्र." पुन्हा बाण. "चित्र." मला वाटलं, दादा कंटाळेल. तो कंटाळला नाही. त्याला सगळा क्रम पाठ होता. एकेका चित्रावर बोट थांबवून तो बसून राहायचा, आणि इथे मध्येच बोलणारं कोणी नव्हतं.

महिनाभरानं वहिनीचा ऑफिसात फोन आला. "तू यांच्या मशीनमध्ये काय घातलंयस?"

"का? काय झालं?"

"तसं काही नाही. हे जेवायलाच येत नाहीत. हाक मारली तर म्हणतात, थांब, मास्तर बोलतायत."

मी संध्याकाळी गेले. स्टुडिओच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, रस्त्यावर एक ट्रक माल उतरवत होता. दादानं मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. बाण दाबला.

"चित्र," मास्तर म्हणाले.

पडद्यावर कारखान्याचं फाटक होतं, पाळी सुटलेली, सायकली. आम्ही बसून राहिलो. ट्रकचा मागचा फाळका खाली आदळला. मी काही विचारणार, तेवढ्यात दादानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"उजेड डावीकडून," मास्तर म्हणाले.

मग बराच वेळ काही नाही. मग, "पुढचा माणूस हसत आहे. मागच्याला माहीत नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. पुढचा माणूस हसत होता. मागचा खाली मान घालून चालला होता.

"घाई केली की नुसतं चित्र म्हणतात," दादा म्हणाला. "थांबलं की सांगतात."

चित्र ओळखून वर्णन करणारे प्रोग्राम हल्ली असतात, हे मला माहीत आहे. पण ते यात नव्हते. मी टाकलेच नव्हते. या मशीनला ते पेलले नसते, आणि बाहेर विचारायला तारही नव्हती. मी तिथेच बसून त्या आवाजाचा प्रोग्राम उघडला आणि वाचत गेले. नीट लिहिलेला होता. जिथे लिहिणाऱ्याला शंका होती तिथे त्यानं शंका लिहून ठेवली होती. चित्रासाठी एकच ओळ होती: चित्र असेल तर 'चित्र' म्हण.

दुसऱ्या दिवशी हीच सिस्टिम मी ऑफिसातल्या रिकाम्या मशीनवर चढवली, हेच फोटो घातले आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबून राहिले. "चित्र" एवढंच. त्या आवाजाच्या प्रोग्रामचं काम पाहणाऱ्या माणसाला ईमेल टाकला. तो कुठल्या देशात असतो कोण जाणे, पण त्यानं लगेच उत्तर दिलं. म्हणाला, तुम्ही सांगता ते हा प्रोग्राम करूच शकत नाही. तो शब्द वाचतो. त्याला डोळे नाहीत.

मी ते दादाला वाचून दाखवलं. तो बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. "मला तरी कुठे आहेत?"

त्यानंतर मी रोजच ऑफिस सुटलं की तिकडे जाऊ लागले. वहिनीही गिऱ्हाइकांच्या जुन्या बाकावर येऊन बसायची, आधी काहीतरी निवडायला घेऊन, मग नुसतीच. मास्तर आता जास्त सांगत होते. पायरीवरच्या म्हातारीच्या मुठीत काय आहे. चौकात पळणारी मुलगी कोणापासून पळते आहे. खरं की खोटं, कसं ठरवणार? दादा मात्र मान हलवायचा. "होय. तिच्या मुठीत किल्ली होती. नंतर तिनंच दाखवली होती मला. फोटोत नाही ती."

आणि मग एका शनिवारी, पुलाच्या एका साध्या फोटोवर, मास्तर म्हणाले, "कॅमेऱ्यामागे एक माणूस. गुडघा चिखलात. एक डोळा मिटलेला. श्वास रोखला आहे."

दादाचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

तो आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढत आला होता. त्याचे स्वतःचे असे फारसे नव्हतेच. आता प्रत्येक चित्रात मास्तरांना तो दिसत होता. कधी भिंतीला टेकलेला, कधी तापानं फणफणलेला. एकदा म्हणाले, "दूर उभ्या बाईकडे पाहत आहे. फोटो फाटकाचा आहे." वहिनी बाकावरून म्हणाली, "मी होते ती," आणि लाजली. त्या दिवशी दादा स्वतःहून जेवायला उठला.

बाबांचे फोटो त्यानं शेवटी ठेवले होते. बाबा शिस्तीचे. रेष म्हणजे रेष; त्यांच्या फोटोतलं क्षितिज केसभर कलायचं नाही. एकच फोटो तिरका होता. दादा पहिल्यांदा नोकरीला परगावी निघाला तेव्हाचा, एसटी स्टँडवर बॅग घेऊन उभा. त्यावरून आम्ही बाबांना फार चिडवायचो. ते उत्तर द्यायचे नाहीत.

दादानं तो लावला. आम्ही थांबलो.

"मुलगा. बॅग. मागे गाडी," मास्तर म्हणाले. "कॅमेऱ्यामागे एक माणूस. कॅमेरा डोळ्याला लावलेला नाही. छातीशी धरला आहे. मुलाकडे नुसता पाहत आहे. डोळे भरले आहेत. बटण अंदाजाने दाबले."

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"म्हणून तिरका आलाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. "मला फक्त म्हणाले होते, नीट उभा राहा."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझी सगळी बुद्धी, सगळं शिक्षण त्या खोलीत माझ्याबरोबरच बसलं होतं, आणि त्यांनाही काही विचारावंसं वाटत नव्हतं. देवळात किंवा उंच कड्यावर माणूस जसा आपोआप हळू बोलतो, तसे आम्ही तिघं त्या खोलीत हळू बोलू लागलो. मी प्रोग्राम पुन्हा उघडला नाही. नवी आवृत्ती आली तीही चढवली नाही.

तळ्याकाठचा फोटो वहिनीनं मागितला. पुढच्याच रविवारी, भर दुपारी. "आपण सगळे आहोत तो," ती म्हणाली. "तो कधी ऐकलाच नाही."

"त्यात मास्तरांना काय मिळणार?" दादा म्हणाला. "कॅमेरा कठड्यावर ठेवला होता. टायमर लावून मी धावत आलो तुमच्यात. मागे कोणी नव्हतंच. पाणी होतं."

तरी त्यानं लावला.

"चित्र."

आम्ही थांबलो.

"चार माणसे," मास्तर म्हणाले. "एक धावत आलेला, धापा टाकत आहे. दोन बायका. मांडीवर मूल."

दादा, मी, वहिनी, आणि माझी भाची, दादाची मुलगी, तेव्हा एक वर्षाची. बरोबर होतं.

मग काही नाही. पंख्याची पाती फिरत होती. मला वाटलं, झालं. दादाही बाणाकडे बोट नेत होता.

"कॅमेऱ्यामागे," मास्तर म्हणाले.

आणि थांबले. ते वाक्याच्या मध्ये कधी थांबत नसत.

"कॅमेऱ्यामागे आहे."

"कोण?" दादानं विचारलं. मास्तर उत्तर देत नसत, तरीही त्यानं विचारलं.

"पाण्यात उभे आहे. फार उंच आहे."

वहिनीनं माझा हात धरला. ती उठली नाही. मीही उठले नाही. भीती वाटली, हे खरं. पण तिथून निघून जावंसं वाटलं नाही.

"वाकून पाहत आहे," मास्तर म्हणाले.

दादानं आपले नजर गेलेले डोळे पडद्यावरून काढून वर, छताकडे नेले.

"छोटे," तो म्हणाला, "तुला दिसतंय ना. सांग, आपण कुठे बघतोय?"

मी पाहिलं. आम्ही तिघं मोठी माणसं सरळ कॅमेऱ्यात बघत होतो, फोटोसाठी बघतात तसं. भाची नव्हती बघत. तिनं मान पार मागे टाकली होती, नजर कॅमेऱ्याच्या खूप वर. तोंड उघडं, खळखळून हसत. आणि दोन्ही हात वर केलेले, कोणी उचलून घ्यायला वाकलं की मुलं करतात तसे.