दोनशे वाव दोर

साहेबाची टोपी दिसली की काळुराम आईला ओळखत नाही, असं आवडाबाई सगळ्या आळीला ऐकवायची. थोरला मुलगा, मिठागरावरचा मुकादम; पलटणीला दोर ओढायला गडी तोच देई. पण धाकट्या विश्रामला पलटणीच्या फुग्यात चढवताना आईला विचारायची रीत त्याला उरली नव्हती.

राणीच्या ज्युबिलीनंतरचं तिसरं वर्ष. शहाडजवळ उल्हासकाठच्या माळावर गोऱ्यांचे तंबू पडलेले. गॅस भरलेला फुगा दोरावर वर सोडायचा आणि त्याला टांगलेल्या टोपलीतल्या शिपायानं लांबच्या गाड्या मोजून ओरडून सांगायच्या, अशी तालीम चाले. मंगळवारी उतरलेला गोरा एवढंच बोलला, की वर शेजारी दुसरा फुगा होता, बिनदोराचा. मग तो पुन्हा चढेना. म्हणून अंगानं हलका विश्राम.

शुक्रवारी आवडाबाई भाकरी बांधून धाकट्याला परत न्यायला आली, तर तो वर गेलेला. ऊन डोक्यावर.

"उतरव त्याला."

"उतरवतो ना, आये. साहेबासमोर तोंड नको सोडूस."

वारा खाडीकडून होता. फुगा डुलत होता. त्याच्या पलीकडे तेवढंच काहीतरी राखाडी होतं, ते डुलत नव्हतं. साहेबानं दुर्बीण लावली, खाली ठेवली आणि हातानंच ओढायची खूण केली.

दोर दोनशे वाव; दोन्ही हात पसरले की एक वाव. दर वीस वावांवर काळुरामनं स्वतः चिंधी बांधलेली. आठ गडी ओढत होते, तो चिंध्या मोजत होता.

नऊ. दहा.

फुगा होता तिथंच.

"अकरा," काळुराम म्हणाला.

"बांधल्यास किती?"

"दहाच, आये."

चौदाव्या चिंधीपासून दोर ओला येऊ लागला. त्याला खाडीच्या चिखलाचा वास होता.

मग एकदाची टोपली टेकली. विश्राम उतरला, आईच्या पाया पडला, भूक लागली म्हणाला. एवढ्या उन्हात अंगाला घामाचा थेंब नव्हता.

ते दुसरं अजून वरच होतं. तिथून हाक आली.

"दादा, ओढा रे. किती वेळ?"

आवाज विश्रामचा.

खालचा विश्राम भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"आये," काळुराम पुटपुटला, "हा कोण मग?"

आवडाबाईनं खालच्याचं मनगट धरलं. गार होतं. तिनं सोडलं नाही.

"मना न इचारता तू त्याला चढवलास," ती काळुरामला म्हणाली. "हाती आला तो मी घरी नेते. वरच्याला ओ तू दे."