कोरं रक्त

"गुन आला न्हाई, असं कसं व्हईल? मी तर तू पयलं रगत न्यायला यायच्या आदी आठ दिस समद्यांना काढा पाजत हुते," धोंडाबाई कौतुकाने बोलून गेली, आणि पानावर बसलेल्या हैबतीचा घास हातातच राहिला.

हैबती, तिचा पाठचा भाऊ, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होता. गुळवेलीचा काढा घेतला की माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना अधिक जोमाने गिळतात का, हे पाहण्याचं काम त्याने साहेबांच्या हातापाया पडून मागून घेतलं होतं. त्यासाठी आपल्या गावच्या, घोटावड्यातल्या वीस माणसांचं रक्त त्याने बोटं टोचून बर्फाच्या पेटीतून दोनदा नेलं... एकदा काढा सुरू करण्याआधी, एकदा पंधरा दिवस पाजल्यावर. दोन्ही वेळचे आकडे सारखेच आले. साहेबांनी वही मिटून त्याच्यापुढे सरकवली, आणि काम तिथेच थांबलं.

"आधी पाजलास? कशासाठी?"

"आरं, पुन्याचं मोठं डाक्टर आपल्या मानसांचं रगत बघनार. ते काय तसंच द्यायचं? पावना यायचा म्हनलं की घर सारवत न्हाई व्हय आपन?"

हैबती ताटावरून उठला. एरवी उंबरा ओलांडला की तो गावचं बोलायचा, पण त्या दिवशी संतापाने त्याच्या तोंडून पुण्याची भाषा बाहेर पडू लागली. "मला कोरं रक्त हवं होतं, आक्का. तुलना कशाशी करू मी आता? माझं काम नासवलंस तू. सहा महिने या वेलीला तोंड लावलेलं नाही असं एक तरी माणूस दाखव मला या गावात. एक तरी!"

आणि तो गेला. ती चैत्रातली दुपार होती. अर्धं जेवलेलं ताट तिने दिवस मावळेपर्यंत झाकून ठेवलं.

आई गेली तेव्हा हैबती तीन वर्षांचा होता. धोंडाबाई माहेरी आली ती त्याला सांभाळायला म्हणून, आणि सासरची माणसं न्यायला आली तेव्हा पोर पदराला धरून असं काही रडलं की तिने त्यांना परत पाठवलं. पुढे नवऱ्याने दुसरी केली. त्या गोष्टीचा उच्चार तिने कधी केला नाही, हैबतीनेही कधी विचारलं नाही... आणि आज ज्याच्यासाठी स्वतःचा संसार ओवाळून टाकला, त्याचंच आयुष्य आपण अडाणीपणाने नासवलं, ही जाणीव तिचं काळीज कुरतडू लागली. रागवावं तर कुणावर? तिने राग स्वतःवरच काढला.

बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली ती गुळवेल तिच्या आईने लावलेली. निंबावरची म्हणून जास्त कडू, जास्त गुणाची. दर अश्विनात धोंडाबाईला हिवतापाने घेरायचं, आणि दर वर्षी ती त्या काढ्यावर उठून बसायची. निदान तिची तरी तशी श्रद्धा होती. त्या वर्षी चैत्रापासून तिने वेलीकडे पाठ फिरवली. भावाला एक माणूस हवं होतं ना, तर ते आपल्याच घरात का असू नये? बाई मुलखाची हट्टी. नागपंचमी गेली, पोळा गेला, भाऊ फिरकला नाही. तरी ती बोटांवर महिने मोजत राहिली.

अश्विनात ताप आला आणि उतरेचना. शेवटी शेजारच्या गोजराबाईने मास्तरांकडून हैबतीला पत्र लिहून घेतलं. एसटीतून उतरून तो धावतच आला, तेव्हा गोजराबाई दारातच उभी होती.

"कुनाचं आयकत न्हाई बग. डाक्टर नगं, काढा नगं. मी भांडं चुलीवर चढवलं, तर तापात उठून वतून दिलं हिनं. म्हनती, माज्या हैबतीला कोरं रगत पायजे."

हैबती आत गेला. गोधडीखाली त्याची आक्का ओळखू येईना, इतकी वाळली होती. त्याची चाहूल लागताच तिने डोळे उघडले, हात बाहेर काढला आणि एक बोट पुढे केलं.

"आलास... घे. सा म्हैनं झालं. थेंबभर न्हाई घेतला."

ते बोट दोन्ही हातांत धरून तो ढसाढसा रडला. मग उठला, बांधावर गेला, वेल कापून आणली, आईच्या पाट्यावर ठेचली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः चूल पेटवून काढा उकळायला ठेवला. त्याने पेशींना खरंच बळ येतं का, ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. गाडी ठरवून तिला आजच दवाखान्यात हलवायचं, असं त्याने गोजराबाईला सांगितलं. पण हे आधी.

"आक्का, पी."

तिने ओठ घट्ट मिटले. "आन् तुजं काम? ते परत नासंल की रं..."

"नासू दे," तो तिचं डोकं मांडीवर घेत म्हणाला. "मला तू पायजेस."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडलं. तिने वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"पानी लई घातलंस," ती म्हणाली, आणि वाटी रिकामी होईपर्यंत पीत राहिली.