काट्यावरची सायकल

थोरलीने सायकल वजनकाट्याला टांगली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. सायकल धाकटीची. खडकाळ माळ एकटीने पार करते म्हणून धाकटी निघाली, आणि परत आली ती नुसती सायकल. दगडांत उभी सापडली म्हणे. बाटलीचं बूच घट्ट, आत थेंब नाही. शोधायला गेलेले बाप्ये माळाच्या कडेला चार हाका मारून हात झटकून मोकळे झाले. मग थोरलीनेच कंबर कसली. त्याच वाटेने, एकटीने जायचं.

मागच्या खोलीत तुळईला तो वजनकाटा धाकटीनेच लावलेला. निघण्याआधी भरलेली सायकल त्याच्या आकड्याला टांगायची, आणि काटा तांबड्या खुणेपुढे गेला की सामान उतरवायचं, ही तिची रीत. थोरली हसायची. "वाण्याची पोर शोभतेस अगदी!"

आज काटा खुणेच्या कितीतरी पुढे होता. तिने तंबू काढला. काटा हलला नाही. भांडी काढली, पांघरूण काढलं. काटा तिथेच. जणू जे काढावं त्याच्या जागी कोणी रेलून बसत होतं. कॅरिअर करकरलं. शेवटी थोरलीने पाण्याच्या पिशवीला हात घातला.

"पाणी नको काढूस," दारातून आई म्हणाली. "तिनंही तेच काढलं होतं."

"काटा बिघडलाय, आई."

"काटा नाही, डोकं बिघडलंय तुझं. ठेव ते."

थोरलीने हात मागे घेतला. आणि पिशवी आपोआप चिमू लागली. हळूहळू, कडेकडेने, रिकामी होत गेली. जमीन कोरडी ठणठणीत. खोलीत तापलेल्या दगडाचा वास भरला आणि आवाज येऊ लागला... घटाघटा, मध्येच श्वास घेऊन, पुन्हा घटाघटा. पिशवीतलं पाणी संपलं, पण काटा तसूभर मागे आला नाही. पाणी सायकलवरच होतं. फक्त पिशवीत नव्हतं.

थोरली भिंतीपर्यंत मागे सरली. आई मात्र कळशी घेऊन धावली.

"तहान लागलीय तिला... म्हणजे आहे ती! मेलेल्याला कसली गं तहान?"

तिने पिशवी भरली. ती चिमली. पुन्हा भरली. पुन्हा चिमली. आईचा पदर भिजला, धाप लागली, तरी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग आवाज थांबला. पिशवी भरलेलीच राहिली.

"निघ," आई म्हणाली. "पहाटेची वाट कशाला बघतेस? आत्ता निघ. पोर वाट बघत असेल तिथं."

थोरलीने सायकल आकड्यावरून उतरवली. भरली पिशवी असूनही ती हाताला हलकी लागली. तिने वर पाहिलं. आकडा रिकामा होता. काटा मात्र खुणेच्या पुढेच, ताठ ताणलेला.

"आई... ती..."

"ती तिथंच आहे! तिला घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, सांगून ठेवते."

थोरलीने पुन्हा एकदा ताणलेल्या काट्याकडे पाहिलं. तिने कळशी भरून रिकाम्या आकड्याखाली ठेवली आणि सायकल दाराबाहेर काढली.

कुंपणापाशी पोचेपर्यंत मागून पुन्हा तो आवाज सुरू झाला होता. या वेळी आईचंही बोलणं ऐकू येत होतं, लहान मुलीला समजवावं तसं...

"सावकाश, बाळा. ठसका लागेल."